सुरांत जपलेले घर

माणूस आपला देश सोडून कायमचा दूर निघतो, तेव्हा त्याला बरोबर फार थोडे नेता येते. घर नेता येत नाही, शेत नेता येत नाही, दारापुढची विहीर किंवा गावाबाहेरची टेकडीही नेता येत नाही. जहाजावरच्या एका लाकडी पेटीत जे मावेल, तेवढेच त्याचे. परंतु एक ठेव अशी आहे, की ती पेटीत जागा अडवीत नाही, तिला भाडे पडत नाही आणि कोणत्याही नाक्यावर ती कोणाला हिरावून घेता येत नाही. ती ठेव म्हणजे गाणे. अशी ठेव घेऊन समुद्रापार गेलेल्या लोकांची आणि त्यांच्या दारी पाहुणा म्हणून आलेल्या एका थोर संगीतकाराची ही हकिकत आहे.

युरोप खंडाच्या मध्यभागी बोहेमिया, मोराविया आणि स्लोव्हाकिया हे प्रदेश आहेत. पहिल्या दोन प्रदेशांत मुख्यतः चेक लोक राहतात, तिसऱ्यात स्लोव्हाक. दोघांच्या भाषा सख्ख्या बहिणींसारख्या आहेत. एकाचे बोलणे दुसऱ्याला सहज उमगावे, इतक्या त्या जवळच्या. १९१८ पर्यंत हे सर्व प्रदेश हॅब्सबर्ग घराण्याच्या साम्राज्यात होते. बोहेमियातील कचेऱ्यांत आणि वरच्या शाळांत दीर्घकाळ जर्मन भाषेचा वरचष्मा होता. स्लोव्हाकियात तोच मान हंगेरियन भाषेला होता. अशा काळात लोकांची स्वतःची भाषा जगली ती शेतात, चुलीपाशी आणि गाण्यांत. चेक म्हटला की तो वादक असायचाच, अशी तिकडे एक म्हणच आहे. खेड्यातला शाळामास्तर मुलांना अक्षरे शिकवी, तसाच व्हायोलिन धरायलाही शिकवी, आणि रविवारी प्रार्थनामंदिरात तोच ऑर्गन वाजवी.

१८४८ मध्ये बोहेमियातील शेतकऱ्यांची जमीनदारांच्या वेठीतून सुटका झाली. माणसे मोकळी झाली. परंतु सर्वांना पुरेल इतकी जमीन कोठे होती? अमेरिकेत जमीन स्वस्त मिळते, ही वार्ता खेडोपाडी पोहोचली आणि कुटुंबेच्या कुटुंबे बंदराकडे निघाली. समुद्रावर कित्येक आठवडे काढून, मग बैलगाडीने किंवा पायी चालत त्यांच्यापैकी काहीजण आयोवा नावाच्या राज्यात आले. तेथे टर्की या छोट्या नदीच्या काठी स्पिलव्हिल नावाचे खेडे वसले. पहिली चेक कुटुंबे तेथे १८५४ च्या सुमारास आली. त्यांनी झाडे तोडली, जमीन नांगरली, लाकडाची घरे उभारली आणि १८६० मध्ये संत वेन्सेस्लासच्या नावाने दगडी प्रार्थनामंदिर बांधले. हा संत बोहेमियाचा रक्षणकर्ता मानला जातो. पुढे मंदिरात ऑर्गन आला. शाळा निघाली, शाळेला कोवार्झिक नावाचे मास्तर लाभले, आणि जुन्या रीतीप्रमाणे हे मास्तर गावाचे गायक-वादकही झाले. त्यांचा मुलगा जोसेफ व्हायोलिन शिकण्यासाठी थेट बोहेमियाच्या राजधानीला, प्राग शहराला गेला. या मुलामुळेच पुढची गोष्ट घडली.

त्या काळी प्रागमध्ये आंतोनिन द्वोर्झाक या संगीतकाराचे नाव सर्वतोमुखी होते. द्वोर्झाक यांचा जन्म ८ सप्टेंबर १८४१ रोजी नेलाहोझेवेस नावाच्या लहानशा गावी झाला. वडिलांचा धंदा खाटकाचा आणि खाणावळीचा. परंतु घरात झिथर नावाचे तंतुवाद्य वाजे, आणि गावच्या मास्तरांनी मुलाच्या हाती व्हायोलिन दिले. सोळाव्या वर्षी तो प्रागच्या ऑर्गन-विद्यालयात दाखल झाला. पुढे अनेक वर्षे त्याने नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवून पोट भरले. १८७८ मध्ये लोकनृत्यांच्या ठेक्यांवर रचलेली ‘स्लाव्ह नृत्ये’ प्रसिद्ध झाली आणि खेड्यातल्या या मुलाचे नाव साऱ्या युरोपात दुमदुमले.

१८९२ च्या सप्टेंबरात द्वोर्झाक न्यूयॉर्कला आले. जेनेट थर्बर नावाच्या बाईंनी तेथे राष्ट्रीय संगीत विद्यालय स्थापन केले होते. ज्या काळी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अनेक विद्यालयांची दारे बंद होती, त्या काळी या विद्यालयाचे दार त्यांना उघडे होते. बाईंनी द्वोर्झाक यांना वर्षाला १५,००० डॉलर वेतनावर संचालक म्हणून बोलाविले. मान होता, धन होते, कीर्तीही होती. तरीही त्यांचे मन लागेना. सहा मुलांपैकी चार मुले मागे मायदेशी राहिली होती. युरोपकडे जाणारी जहाजे सुटण्याच्या वेळी ते बंदरावर जात आणि ती डोळ्यांआड होईपर्यंत पाहत राहत. एवढा मोठा संगीतकार, परंतु बंदराच्या कठड्यापाशी तोही घरापासून दुरावलेला एक साधा माणूसच होता.

प्रागचे शिक्षण संपवून मायदेशी परतणारा तरुण जोसेफ कोवार्झिक त्यांच्याबरोबरच न्यूयॉर्कला आला होता आणि त्यांचा मदतनीस म्हणून त्यांच्याच घरी राहत होता. तो बोलता बोलता आपल्या गावाच्या गोष्टी सांगे. अमेरिकेत असे एक खेडे आहे, की जेथे रस्त्यावर चेक भाषा ऐकू येते, शाळेत मुले चेक शिकतात आणि मंदिरात चेक स्तोत्रे गातात, हे ऐकून द्वोर्झाक यांना नवल वाटले. सुटीत बोहेमियाला जाण्याचा बेत त्यांनी बदलला. उलट मागे राहिलेल्या मुलांनाच त्यांनी अमेरिकेस बोलावून घेतले. ‘नव्या जगातून’ या नावाने पुढे विश्वविख्यात झालेली सिंफनी त्यांनी २४ मे १८९३ रोजी पुरी केली आणि ३ जून रोजी सारे कुटुंब आगगाडीत बसले. सुमारे दोन हजार किलोमीटरांचा प्रवास करून ५ जूनला ते स्पिलव्हिलला पोहोचले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच द्वोर्झाक घराबाहेर पडले आणि नदीकाठच्या झाडीत फिरून आले. कित्येक महिन्यांनंतर त्यांच्या कानी पाखरांची गाणी पडली होती. मग ते प्रार्थनामंदिरात गेले. आठवड्याच्या मधल्या दिवशी तेथे प्रार्थना चाले ती शांतपणे. ऑर्गन वाजत नसे. द्वोर्झाक वर चढून ऑर्गनपाशी बसले आणि त्यांनी बोहेमियातील घराघरांत ठाऊक असलेले एक जुने स्तोत्र वाजविण्यास आरंभ केला.

खाली बसलेली वृद्ध माणसे चमकली. आपल्या लहानपणी गावच्या मंदिरात ऐकलेले ते सूर! हळूहळू एकेक कंठ त्या सुरांत मिसळू लागला. त्या दिवसापासून द्वोर्झाक रोज सकाळी ऑर्गनवर बसत, आणि गावातल्या आजीआजोबांना त्यांनी वाजविलेली जुनी स्तोत्रे फार आवडत. त्यांनी स्वतःच एका पत्रात ही गोष्ट मोठ्या समाधानाने लिहिली आहे.

संध्याकाळी ते या वृद्धांशी बोलत बसत. पहिल्या वर्षांतले हाल, दूरदूरची पायपीट, रेल्वेच्या बांधकामावर केलेली मजुरी, असे सारे ते त्यांच्या तोंडून ऐकून घेत. हे लोक बोहेमियाच्या दक्षिण भागातून आलेले, अगदी गरिबांतले गरीब. परंतु कष्टांच्या बळावर आता सुस्थितीत आलेले होते. तेथील अफाट माळ पाहून द्वोर्झाक यांचे मन कधीकधी उदासही होई. एका शेतकऱ्याचे घर दुसऱ्यापासून मैलोन्‌मैल दूर, आणि मध्ये केवळ गवत व आकाश! अशा एकाकी प्रदेशात माणसांना एकत्र बांधून ठेवणारे काय असेल, हे त्यांना मंदिरातल्या त्या सकाळींनी दाखवून दिले.

आणि मग त्यांच्या स्वतःच्या लेखणीला जणू पाझर फुटला. गावी येऊन तीन दिवस होतात न होतात, तोच ८ जूनला त्यांनी दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चार वाद्यांसाठी एक रचना लिहावयास घेतली. तिचा कच्चा आराखडा अवघ्या तीन दिवसांत उतरला आणि २३ जून रोजी ती पूर्ण झाली. काम इतक्या झपाट्याने पार पडले, याबद्दल त्यांनी हस्तलिखितावरच देवाचे आभार मानून ठेविले आहेत. ही रचना ‘अमेरिकन चतुष्क’ या नावाने आजही जगभर वाजविली जाते. तिचा आरंभ व्हायोला करते. या सुरावटीचा आधार केवळ पाच स्वर आहेत. आपल्या भूप रागात लागणारे सा, रे, ग, प, ध हे जे पाच स्वर, तशीच ही योजना. म्हणूनच ती सुरावट ऐकताना आपल्यालाही ती परकी वाटत नाही. जगातील कितीतरी लोकगीते अशाच पाच स्वरांवर उभी आहेत. तिसऱ्या भागात पहिले व्हायोलिन उंच पट्टीत एक तुटक, चपळ चीज वाजविते. नदीकाठी एक लाल अंगाचा, काळ्या पंखांचा पक्षी सारखा गात असे. त्याचेच गाणे द्वोर्झाक यांनी येथे टिपून घेतले.

ही रचना प्रथम कोठे वाजली असेल? मोठ्या सभागृहात नव्हे. स्पिलव्हिलमध्येच, कोवार्झिक मास्तरांच्या कुटुंबाने द्वोर्झाक यांच्या जोडीने ती वाजवून पाहिली. पहिले व्हायोलिन स्वतः द्वोर्झाक यांच्या हाती, दुसरे मास्तरांच्या, व्हायोला मास्तरांच्या मुलीकडे आणि चेलो जोसेफकडे. बॉस्टनच्या श्रोत्यांना ती ऐकावयास मिळाली ती पुढे १ जानेवारी १८९४ रोजी. त्याआधीच ती एका खेड्यातल्या शिक्षकाच्या घरी जन्मास आली होती.

त्याच वर्षी शिकागो शहरात मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. १२ ऑगस्ट हा दिवस तेथे चेक लोकांसाठी राखून ठेविला होता. निरनिराळ्या राज्यांत पांगलेले हजारो चेक लोक त्या दिवशी एकत्र आले, आणि द्वोर्झाक यांनी वाद्यवृंदाचे संचालन केले. त्यांनी वाजविलेल्या रचनांत ‘माझे घर’ ही रचनाही होती. तिच्यात एका लोकप्रिय चेक गीताची चाल गुंफलेली आहे, आणि त्या गीताच्या शीर्षकातच आपले घर कोठे आहे, असा प्रश्न विचारलेला आहे. घर सोडून आलेल्या हजारो माणसांनी तो प्रश्न परमुलखात ऐकला, तेव्हा त्यांच्या मनात काय दाटून आले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. सप्टेंबरात द्वोर्झाक न्यूयॉर्कला परतले आणि १८९५ मध्ये कायमचे मायदेशी गेले. स्पिलव्हिलच्या लोकांना मात्र कोठेही परतावयाचे नव्हते. त्यांना तेथेच राहून आपला ठेवा सांभाळावयाचा होता.

तो सांभाळणे सोपे नव्हते. पहिले महायुद्ध चालू असताना, २३ मे १९१८ रोजी आयोवाच्या गव्हर्नरांनी एक आज्ञापत्र काढले. शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, दूरध्वनीवर, व्याख्यानांत आणि प्रार्थनामंदिरांतही इंग्रजीवाचून दुसरी भाषा बोलू नये, अशी ती आज्ञा होती. रोख मुख्यतः जर्मन भाषेवर होता, पण घाव सर्वांवर पडला. ज्या चेक घरांतील तरुण मुले अमेरिकेच्या सैन्यात भरती होऊन त्याच युद्धात लढत होती, त्यांच्या आयांनाही रस्त्यावर आपली भाषा बोलण्याची चोरी झाली. दैवाचा खेळ असा, की ही बंदी चालू असतानाच, २८ ऑक्टोबर १९१८ रोजी, तिकडे मायदेशी चेकोस्लोव्हाकिया हे स्वतंत्र राष्ट्र जन्मास आले. तेथे चेक आणि स्लोव्हाक या भाषांना राज्याचा मान मिळाला. इकडे आयोवात मात्र त्यांना दाराबाहेर पडता येत नव्हते! ४ डिसेंबर १९१८ रोजी ती आज्ञा मागे घेण्यात आली. त्या महिन्यांत भाषेवर बंदी घालता आली. परंतु वाद्यांतून निघणाऱ्या सुरांना कोणती भाषा आहे म्हणून त्यांच्यावर बंदी घालावी?

चेक लोकांच्या मागोमाग स्लोव्हाक लोकही मोठ्या संख्येने अमेरिकेत आले. पेनसिल्व्हेनिया आणि ओहायो या राज्यांतील कोळशाच्या खाणींत व पोलादाच्या कारखान्यांत त्यांनी घाम गाळला. त्यांच्या डोंगरांतील मेंढपाळांचे ‘फुयारा’ नावाचे एक वाद्य आहे. माणसाच्या उंचीएवढा लांब हा लाकडी पावा अवघ्या तीन छिद्रांवर वाजतो, आणि त्याचा खोल, गंभीर नाद दरीतून घुमत आल्यासारखा वाटतो. मायदेशी १ जानेवारी १९९३ पासून चेक आणि स्लोव्हाक ही दोन स्वतंत्र राष्ट्रे झाली. तथापि आयोवातील सीडर रॅपिड्स या शहरात दोन्ही समाजांचा ठेवा आजही एकाच छपराखाली नांदतो. ते छप्पर म्हणजे तेथील राष्ट्रीय चेक व स्लोव्हाक संग्रहालय आणि ग्रंथालय. १९९५ मध्ये त्याच्या नव्या इमारतीच्या समारंभास अमेरिका, चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकिया या तिन्ही देशांचे राष्ट्राध्यक्ष आले होते. तेथे ‘क्रोय’ नावाचे भरतकामाचे पारंपरिक पोशाख आहेत. क्रोयावरील भरतकाम आणि घडण पाहून माणूस कोणत्या भागातला, हे जाणकाराला ओळखता येते.

जून २००८ मध्ये सीडर नदीला भयंकर पूर आला आणि संग्रहालयात पाणी शिरले. पोशाख, पुस्तके, वाद्ये अशा कित्येक वस्तू चिखलाने माखल्या. लोकांनी धीर सोडला नाही. जाणत्या कारागिरांकडून एकेक वस्तू स्वच्छ करून घेण्यात आली. पुढे २०११ मध्ये सुमारे दीड हजार टन वजनाची ती इमारतच पायापासून उचलली, जवळजवळ दीडशे मीटर सरकवली आणि पूर्वीपेक्षा तीन मीटरांहून अधिक उंच जागी बसविली. २०१२ मध्ये तिची दारे पुन्हा उघडली. सणाच्या दिवशी त्या परिसरात अ‍ॅकॉर्डियनच्या साथीवर पोल्का नाच रंगतो, आणि मुलांच्या हातांत ‘कोलाचे’ असतात. कोलाचे म्हणजे मध्ये खसखस किंवा फळांचा गोड गर भरलेले मऊ, गोल पाव. तो खाणाऱ्या मुलाला कदाचित चेक भाषेचे दहा शब्दही येत नसतील. परंतु पोल्काचा ठेका कोठे धरावयाचा, हे त्याच्या पायांना ठाऊक असते.

आणि स्पिलव्हिल? तेथे आज इंग्रजीच बोलली जाते. द्वोर्झाक ज्या घरात राहिले, ते घर अजून उभे आहे. वरच्या मजल्यावर त्यांच्या आठवणी जतन केल्या आहेत, तर खाली त्याच परिसरातील बिली आडनावाच्या दोन शेतकरी भावांनी कोरलेली लाकडी घड्याळे आहेत. हे भाऊ उन्हाळ्यात शेती करीत आणि हिवाळ्यात घड्याळे कोरीत. मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड यांनी एका घड्याळासाठी दहा लाख डॉलर देऊ केले होते, असे तेथे सांगतात. भावांनी नकार दिला. पुढे सारा संग्रह त्यांनी गावाच्या स्वाधीन केला, तो विकावयाचा नाही आणि विखुरू द्यावयाचा नाही, या अटीवर.

प्रार्थनामंदिरातला तो जुना ऑर्गनही अद्याप तेथेच आहे. त्याच्या पट्ट्यांवर एका सकाळी एका पाहुण्याची बोटे फिरली आणि खाली बसलेल्या वृद्धांना आपले हरवलेले गाव क्षणभर परत मिळाले. पाहुण्यालाही त्यांच्या कंठांतून आपले घर सापडले. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे त्या सकाळी कोणाला सांगता आले असते?

शब्दार्थ

वेठ – मोबदल्याशिवाय सक्तीने करावे लागणारे काम
वरचष्मा – वर्चस्व
सर्वतोमुखी – सर्वांच्या तोंडी
स्तोत्र – देवाच्या स्तुतीचे गीत
चतुष्क – चारांचा समूह. येथे, चार वाद्यांसाठी केलेली रचना
सिंफनी – मोठ्या वाद्यवृंदासाठी केलेली दीर्घ संगीतरचना
चोरी होणे – उघडपणे करण्याची सोय न राहणे

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) स्पिलव्हिल हे खेडे कोणत्या नदीच्या काठी वसले आहे?
(आ) द्वोर्झाक यांना स्पिलव्हिलची माहिती कोणाकडून मिळाली?
(इ) ‘अमेरिकन चतुष्क’ प्रथम कोणाकोणाच्या हातून वाजले?

२. कारणे सांगा.
(अ) मान आणि धन मिळूनही न्यूयॉर्कमध्ये द्वोर्झाक यांचे मन लागेना.
(आ) प्रार्थनामंदिरातील वृद्ध माणसे ऑर्गन ऐकून चमकली.
(इ) १९१८ ची भाषाबंदी चेक लोकांना विशेष जाचक वाटली असावी.

३. ‘देणारा कोण आणि घेणारा कोण’ या शेवटच्या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत आठ-दहा ओळींत लिहा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : मन न लागणे, डोळ्यांआड होणे, घाम गाळणे, धीर न सोडणे.

५. आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांकडून त्यांनी लहानपणी ऐकलेले एखादे गाणे ऐका. ते कोठे, केव्हा आणि कोणत्या प्रसंगी म्हटले जाई, हे विचारून त्याविषयी टिपण लिहा.